पोटरीवरचे दोन दात आणि तीन आठवड्यांचं वेळापत्रक

परदेशी निघताना ज्यांनी ज्यांनी मला जपून राहायला सांगितलं, त्या सगळ्यांच्या डोक्यात चोर होते. पासपोर्ट पोटाशी बांध, पैसे तीन ठिकाणी ठेव, टॅक्सीचं भाडं आधी ठरव. सल्ले चुकीचे नव्हते, मी ते पाळलेही. पण बालीत माझ्यावर जे आलं ते चार पायांवर आलं, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

आम्ही दोघीच होतो, मी आणि मावशी. सानूरला समुद्राच्या कडेने लांबलचक फरसबंद वाट आहे. सकाळी तिथे चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची वर्दळ असते. एका मिटलेल्या छत्रीखाली एक कुत्री पिलं घेऊन बसली होती. आम्ही लांबूनच जात होतो, पण आमच्या पुढे चाललेल्या एका लहान मुलाने पिलांकडे धाव घेतली. कुत्री उठली, आईने मुलाला झटकन उचललं आणि कुत्रीच्या वाटेत उरले मी. गुरगुरणं नाही, भुंकणं नाही. पोटरीला करकचून चिमटा बसावा तसं झालं, आणि ती परत पिलांपाशी जाऊन बसलीसुद्धा.

दोन दात उमटले होते. एका जागी नुसतं लाल, दुसऱ्या जागी रक्ताचा एक थेंब येऊन थांबलेला. मावशी वाकून बघत म्हणाली, "अगं, एवढंसं तर आहे. डेटॉल लाव आणि चल."

हे 'एवढंसं' फार घातक असतं. रेबीजच्या बाबतीत जखम किती मोठी याला फारसा अर्थ नसतो, कातडी फुटली का याला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने याचे तीन वर्ग केले आहेत. प्राण्याला हात लावला किंवा धड कातडीवर त्याने चाटलं, तर पहिला वर्ग, त्याला उपचार लागत नाहीत. कातडीवर नुसतं दात घासले, रक्त न येता ओरखडा उठला, तर दुसरा. त्याला लस लागते. दात कातडीच्या आत गेला आणि रक्त आलं, मग ते थेंबभर का असेना, तर तिसरा. त्याला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं, दोन्ही लागतं. माझा थेंब मला तिसऱ्या वर्गात घेऊन गेला होता. बाली २००८पर्यंत रेबीजमुक्त समजलं जायचं. त्या वर्षी बेटाच्या दक्षिणेकडच्या बुकित भागात माणसं दगावली आणि पुढे रोग बेटभर पसरला, हे मी निघण्याआधी वाचलं होतं. त्यामुळे निदान वाद घालायला माझ्याकडे मुद्दे होते.

पहिलं काम धुणं. किनाऱ्यावर अंघोळीसाठी नळ होते आणि मावशीच्या पर्समध्ये कागदी साबण होता. त्या साबणाला मी आजवर हसत आले होते. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं असतं. पंधरा मिनिटं म्हणजे किती, हे पोटरी नळाखाली धरून उभं राहिल्याशिवाय कळत नाही. चौथ्या मिनिटाला वाटतं की झालं आता. मावशी घड्याळ धरून उभी होती आणि "अजून आठ" असं बजावत होती. एव्हाना ती माझ्या बाजूला आली होती. या धुण्याला खरोखरच अर्थ आहे. रेबीजच्या विषाणूवर स्निग्ध आवरण असतं, साबणाने ते फुटतं आणि विषाणू निकामी होतो. हा विषाणू रक्तातून पळत नाही. तो जखमेतून नसांमध्ये शिरतो आणि नसांच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. बहुतेकांना लक्षणं दिसायला दोन-तीन महिने लागतात. कधी आठवड्यातच दिसतात, कधी वर्ष जातं. उपचारांना वेळ मिळतो तो या संथपणामुळेच. एकदा लक्षणं दिसली की मात्र जवळजवळ कुणीच वाचत नाही.

धुवून झाल्यावर मी जखम उघडीच ठेवली. अशा जखमेवर घट्ट पट्टी बांधायची नसते, शक्यतो टाकेही घालायचे नसतात आणि घरगुती काही चोळायचं तर मुळीच नसतं.

शेजारी सरोंग विकणारी बाई हे सगळं बघत होती. मोडक्या इंग्रजीत तिने सांगितलं, कुत्री आमच्याच गल्लीतली आहे, दरवर्षी लस देतात, बघ गळ्यात पट्टा आहे. तिचा हेतू चांगलाच होता. पण पट्टा म्हणजे लसीचा दाखला नव्हे. मी कुत्रीचा लांबून फोटो काढला, बाईचा व्हॉट्सॲप नंबर घेतला आणि दहा दिवसांनी या कुत्रीचा फोटो पाठवशील का, असं विचारलं. कुत्रं किंवा मांजर चावल्यानंतर दहा दिवस धडधाकट राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरता येतं. ती हो म्हणाली. उपचार मात्र त्या दहा दिवसांची वाट बघत थांबवायचे नसतात, लगेच सुरू करायचे असतात.

मग विमा. पॉलिसीवर मदतीचा क्रमांक असतो, तिथे आधी फोन केला. आधी यासाठी की त्यांच्याकडे प्रकरणाची नोंद होऊन क्रमांक मिळाला, तर पुढच्या कागदांवर तो टाकता येतो. पलीकडच्या माणसाने शांतपणे सगळं लिहून घेतलं. जवळच्या दवाखान्यांची यादी पाठवली. भरती व्हायचं नसेल तर बिल आधी तुम्ही भरा, परतफेड नंतर, हेही सांगितलं. यादीतल्या कुठल्या ठिकाणी इम्युनोग्लोब्युलिन शिल्लक आहे, हे मात्र त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. या उपचारातली खरी मेख इथेच आहे. लस बऱ्याच ठिकाणी मिळते, इम्युनोग्लोब्युलिन मोजक्या ठिकाणी. ते माणसाच्या किंवा घोड्याच्या रक्तापासून बनवतात, महाग असतं आणि साठा कायम अपुरा असतो. लस शरीराला स्वतःची प्रतिपिंडं तयार करायला शिकवते, त्याला आठवडाभर तरी जातो. तोवरचा पहारा या तयार प्रतिपिंडांनी द्यायचा असतो.

पहिला दवाखाना चालत जाण्याइतका जवळ होता. तिथल्या डॉक्टरांनी जखम बघितली, छोटी आहे म्हणाले, लस देतो, बाकी कशाची गरज नाही. मी विचारलं, गरज नाही की साठा नाही? ते जरा थांबले आणि म्हणाले, साठा नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. नसलेल्या औषधाची गरज नसते, असं म्हणणारे डॉक्टर सगळ्या देशांत भेटतात. पण परदेशात, समोर पांढरा कोट असताना, 'गरज नाही की साठा नाही' हा प्रश्न तोंडातून काढायला मला बराच जोर लावावा लागला. आपण पाहुणे, हे डॉक्टर, यांचा देश, यांची कुत्री. या संकोचापायी माणसं अर्धा उपचार घेऊन परततात.

लस तिथेच घेऊन टाकली, कारण ती लांबवण्यात अर्थ नव्हता. इंडोनेशियात जी पद्धत वापरतात तिला झाग्रेब म्हणतात. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांत एकेक, सातव्या दिवशी एक, एकविसाव्या दिवशी एक. लिहिताना दोन-एक-एक असं लिहितात. लस दंडातच घ्यायची, कुल्ल्यावर नाही. तिथल्या चरबीत ती नीट काम करत नाही. पोटात चौदा इंजेक्शनांची जी दहशत आपल्या पिढीने ऐकली आहे, ती जुन्या लसीची. डेव्हिड सेम्पल यांनी १९११ साली कसौलीला तयार केलेली ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. ती आता इतिहासजमा झाली आहे. आताची लस दंडाला टोचलेली धड कळतही नाही.

मग दवाखान्यातल्याच परिचारिकेला हाताशी धरलं आणि तिच्याकडून डेनपसारच्या रुग्णालयांत फोन करवले. तिथे लसीला 'व्हीएआर' आणि इम्युनोग्लोब्युलिनला 'एसएआर' म्हणतात. फोनवर तेवढंच विचारायचं होतं, एसएआर आहे का? मी इंग्रजीत विचारून अर्धा तास घालवला असता. तिने दोन मिनिटांत रुग्णालय शोधलं आणि बाटल्या बाजूला काढून ठेवायलाही सांगितलं. तिथे जायला तिचा भाऊ मोटरसायकलवर सोडायला तयार होता. आम्ही नको म्हटलं आणि गाडी बोलावली. हे त्याला जरा लागलं असावं. पण जगात दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावरच्या अपघातांत मरतात. कुत्रं चावलं म्हणून घाईने हेल्मेटशिवाय मागे बसणं हे मला पटेना. शिवाय दुचाकीच्या बाबतीत विम्याच्या अटी बारीक अक्षरांत बरंच काही सांगत असतात.

डेनपसारच्या डॉक्टरबाई तरुण होत्या आणि त्यांनी आल्या आल्या विचारलं, वजन किती? इम्युनोग्लोब्युलिनचं प्रमाण वजनावर ठरतं. माणसाच्या रक्तापासून बनवलेलं असेल तर किलोमागे २० एकक, घोड्याचं असेल तर ४०. मी आकडा सांगितला. मावशी म्हणाली, "खरा सांग गं, औषधाचा प्रश्न आहे." मग खरा सांगितला.

साठ किलोच्या माणसाला माणसाचं औषध म्हटलं तर साधारण आठ मिलीलिटर होतं. ते दंडात देऊन भागत नाही. शक्य तितकं जखमेच्या आत आणि भोवती टोचायचं असतं, कारण विषाणू असेल तर तो तिथे असतो. दोन दातांच्या खुणांत आठ मिलीलिटर मावत नाही. मावेल तेवढं डॉक्टरबाई हळूहळू भरत गेल्या आणि पोटरी टरारून फुगली. सगळ्या प्रकरणात खरं दुखलं ते एवढंच. मावशीने माझा हात धरला होता आणि ती डोळे मिटून बसली होती, म्हणजे तिलाच जास्त दुखत असावं. त्यावर धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, प्रतिजैविकाच्या गोळ्या मिळाल्या आणि अर्धा तास बसून राहायला सांगितलं, काही वावडं निघतंय का ते बघायला.

त्या अर्ध्या तासात मी कागद गोळा केले. लसीचं नाव, बॅच क्रमांक, कुठल्या मार्गाने दिली, स्नायूत की कातडीत, तारीख, पुढच्या तारखा, दोन-एक-एक ही पद्धत, इम्युनोग्लोब्युलिन कुठलं आणि किती, जखमेचा वर्ग तिसरा. हे सगळं इंग्रजीत, सहीशिक्क्यानिशी. डॉक्टरबाईंनी दोन ओळींत उरकायचा प्रयत्न केला, पण मी विनंती करून सगळं लिहून घेतलं. प्रत्येक कागदाचा फोटो काढला आणि घरी पाठवून दिला. पासपोर्टच्या छायाप्रती आणि पॉलिसी माझ्याकडे होत्याच, त्या दोन्ही दवाखान्यांनी मागितल्या.

संध्याकाळी दोन्ही दंड ठणकत होते आणि अंगात कणकण होती. रात्री मी फोनवर रेबीजबद्दल वाचत पडले. जगात वर्षाला ५९ हजार मृत्यू असा अंदाज आहे, त्यातले बहुतेक सगळे कुत्र्यांपासून, आणि दगावणाऱ्यांत पंधरा वर्षांखालची मुलं चाळीस टक्के. मुलं का, ते कळायला वेळ लागला नाही. मुलं पिलांकडे धावतात, आणि ओरडा बसेल म्हणून घरी सांगत नाहीत. मग आल्सास प्रांतातल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरबद्दल वाचलं. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्या लसीचा पहिला डोस त्याला मिळाला आणि तो जगला. पुढे लक्षणांची वर्णनं सुरू झाली तेव्हा मावशीने फोन काढून घेतला आणि स्वतःच्या उशीखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्रवासाचा आराखडा नव्याने मांडला. आतापर्यंत तो देवळं आणि समुद्रकिनारे यांच्याभोवती होता, आता डोसांच्या तारखांभोवती आला. पहिल्या डोसाचा दिवस शून्य धरायचा असतो, एक नाही. इथे बरेच जण घसरतात, म्हणून कार्डावर वार आणि तारीख लिहून घेतलेलं बरं. सातवा दिवस छोट्या बेटावर येत होता. तिथे बोट खवळलेल्या समुद्रात कधी रद्द होईल सांगता येत नाही, आणि लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. वीज आणि फ्रीज दोन्हींचा भरवसा हवा. ते बेट गाळलं आणि योग्याकार्ताला लवकर गेलो. तिथल्या रुग्णालयाला आदल्या दिवशी फोन करून त्याच कंपनीची लस आहे का विचारलं. ती नव्हती, दुसरी होती. नाइलाज असेल तर कंपनी बदललेली चालते, डोस चुकवण्यापेक्षा ते बरं. सातवा दिवस तिथे पार पडला आणि दुपारी आम्ही बोरोबुदूर बघून आलो. उलुवातूचं देऊळ मात्र मी सोडलं. तिथली माकडं चश्मे पळवतात आणि खाऊ दिल्यावर परत करतात, हे ऐकायला गमतीचं आहे, पण माकडाच्या चाव्यालाही हीच सगळी वारी लागते. मला आणखी एका प्राण्याची ओळख नको होती.

ठरल्याप्रमाणे सरोंगवाल्या बाईकडून कुत्रीचा फोटो आला. धडधाकट, शेपूट वर. मला हायसं वाटलं. मावशीने मात्र दोन्ही फोटो शेजारी ठेवून बराच वेळ बघितले आणि निकाल दिला, "कान वेगळे आहेत. ही ती नव्हे." मला तीच वाटत होती. पण पक्कं सांगता येत नसेल तर उपचार थांबवायचे नाहीत, एवढं आम्हा दोघींना मान्य होतं.

शेवटचा डोस घरी आल्यावर होता आणि तिथे वेगळाच पेच. आपल्याकडे स्नायूत देताना पाच डोसांची पद्धत जास्त चालते: शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस. सरकारी रुग्णालयांत बरेचदा कातडीत देतात, त्याचं वेळापत्रक आणखी निराळं. आमच्या डॉक्टरांनी कार्ड बघितलं आणि म्हणाले, तिसऱ्या दिवसाचा डोस चुकलाय, चौदाव्याचाही. नव्याने सुरू करू या. मी डेनपसारचा कागद पुढे केला. त्यावर झाग्रेब आणि दोन-एक-एक स्पष्ट लिहिलेलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, पुस्तक काढून बघितलं आणि म्हणाले, बरोबर आहे, एकविसाव्याला संपतं. ती ओळ कागदावर नसती तर पाच डोस परत घेतले असते. जीवाला धोका नव्हता, पण फुकटचा व्याप होता.

विम्याचं प्रकरण त्याहून लांबलं. पहिलं उत्तर नकाराचं आलं: लसीकरण हा प्रतिबंधक उपाय आहे आणि तो पॉलिसीत येत नाही. हे वाचून मी दोन दिवस फणफणत होते. मग लक्षात आलं की वाद शब्दांचा नाही, कागदाचा आहे. प्रवासाआधी घेतलेली लस प्रतिबंधक, चावल्यानंतर दिलेली लस उपचार. डॉक्टरबाईंनी 'तिसऱ्या वर्गाची जखम, प्राणी चावल्यानंतरचे उपचार' असं लिहिलेलं होतं. ती ओळ अधोरेखित करून, मूळ बिलं, पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या प्रती आणि पहिल्या फोनचा प्रकरण क्रमांक जोडून पुन्हा पाठवलं. परदेशातले पैसे मिळाले. घरी घेतलेल्या शेवटच्या डोसाचे नाही, कारण पॉलिसी प्रवासाबरोबर संपली होती, आणि ते त्यांच्या अटींत लिहिलेलंच होतं.

आता मला पुन्हा कधी कुत्रं चावलं तर इम्युनोग्लोब्युलिन लागणार नाही, शून्य आणि तिसऱ्या दिवशी असे दोनच डोस पुरतील. म्हणून ते कार्ड पासपोर्टच्या पाकिटात ठेवलं आहे. जिथे कुत्री मोकाट आणि दवाखाने लांब, अशा ठिकाणी जाणाऱ्यांना हीच सोय चावण्याआधीही करून घेता येते: आठवड्याच्या अंतराने दोन डोस. मावशीने पुढच्या प्रवासाआधी ते घेतले. दवाखान्यात तिला वजन कुणी विचारलं नाही, याचं तिला फार समाधान वाटलं.